शरयूबाईंची गुरुवारची तालीम

वकील म्हणून कोर्टात मी उच्चारलेलं पहिलं वाक्य विरुद्ध पक्षाच्या फायद्याचं होतं. नातवंडांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, आजी गंमत करते आहे. गंमत झाली होती खरी, पण माझ्या अशिलाची.

माझे सीनियर त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकले होते. मला म्हणाले, "उभी राहा, पुढची तारीख माग आणि खाली बस." एवढंच काम. पण मी पडले विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवून आलेली. कोट नवा, वेणी घट्ट, आणि डोक्यात हवा इतकी की शिवाजीनगरच्या कोर्टातले पंखे बंद केले असते तरी चाललं असतं. पदकवाल्या मुलीने नुसती तारीख मागायची? छे! मी युक्तिवाद करायचं ठरवलं. समोर घरमालकाच्या वतीने एक ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई उभ्या राहिल्या. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, कोटाचा खिसा फुटाण्यांनी फुगलेला. त्या बोलायला लागल्या आणि मी ऐकतच राहिले. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी चक्क मान डोलवायला लागले. न्यायाधीशांनी ते पाहिलं आणि विचारलं, "आपलं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. माझा अशील तेवढा हसला नाही. न्यायाधीशांना दया आली, म्हणून तारीख मिळाली.

बाहेर व्हरांड्यात त्या बाईंनी मला गाठलं. नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि कोणी न विचारता पदकही सांगून टाकलं.

"अस्सं! तर गोल्ड मेडल, विरुद्ध पक्षाकडून इतकी मदत मला आजवर कुणी केली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी कसब्यात ये. तुला ऐकता येतं. बोलायचं मी शिकवीन."

या शरयूबाई. पुढे माझे केस पिकले तरी त्यांनी मला गोल्ड मेडल याच नावाने हाक मारली. हाक ऐकली की अजून कान गरम होतात.

त्यांचं ऑफिस आणि घर एकच, कसबा पेठेत, एका तांबटाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर हंड्या-घागरींवर हातोडे पडत. नवा माणूस त्या आवाजावर ओरडायला जायचा आणि घसा बसवून घ्यायचा. बाई कधी आवाज चढवत नसत. दोन ठोक्यांच्या मधे जी जागा असते, तीत त्या शब्द अलगद ठेवत. "कोर्टातही हेच," त्या म्हणायच्या, "साहेब श्वास घ्यायला थांबले की तिथे बोलायचं. ते बोलत असताना बोललात तर दोघंही फुकट."

तोंड मात्र तिखट. एका म्हाताऱ्या अशिलाच्या दाव्याला न्यायाधीश पुन्हा लांबची तारीख देऊ लागले, तेव्हा त्या अदबीने म्हणाल्या होत्या, "चालेल साहेब. घाई काहीच नाही. माझे अशील आत्ता कुठे ऐंशीचे होताहेत." त्या माणसाला लगेच जवळची तारीख मिळाली, आणि बाईंना त्या कोर्टात वर्षभर काहीही मिळालं नाही.

गुरुवारी त्यांच्याकडे तालीम असे. हा शब्द त्यांचाच. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या मांडायच्या, एक हातांची वेताची, एक घडीची लोखंडी. वेताच्या खुर्चीत अशील बसायचा आणि आपली बाजू सांगायचा. सांगून झाली की बाई म्हणायच्या, "उठा. आता तिकडे बसा. आता तुम्ही म्हणजे तुमचा भाडेकरू. बोला, घरमालकाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" माणूस आधी हसायचा, लाजायचा, काय पोरखेळ म्हणायचा. मग हळूहळू त्या लोखंडी खुर्चीतून असं काही बोलायला लागायचा की तो स्वतःच दचकायचा. आम्ही सतरंजीवर बसलेलो असू. वेगवेगळ्या ऑफिसांतले ज्युनियर, एकमेकांविरुद्ध उभे राहणारेसुद्धा. कुणी न्यायाधीश व्हायचं, कुणी विरुद्ध वकील. चहा, पोहे आणि भांडण, तिन्ही भरपूर.

माझे सीनियर विचारत, "त्या बाई वकिली करतात की नाटक कंपनी चालवतात?" शंका रास्त होती. स्वतःच्या अशिलाला दहा परक्या वकिलांसमोर उलगडून ठेवायचं हा शुद्ध वेडेपणा होता. बाईंचा त्यावर एकच नियम: तालमीतलं तालमीत. तो नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यातून निघायचं काय, ते एक सांगते. पेठेतले एक घरमालक आणि त्यांचे भाडेकरू वर्षानुवर्षं भांडत होते. घरमालकांना पुढची खोली परत हवी होती. बाईंनी त्यांना भाडेकरूच्या खुर्चीत बसवलं. ते गृहस्थ भाडेकरू म्हणून खुद्द भाडेकरूपेक्षा चिवट भांडले आणि शेवटी ओरडले, "अहो, हे म्हातारे खोली कशाला मागताहेत ते मला ठाऊक आहे! गणपती बसवायला जागा नाही म्हणून मागताहेत. सरळ सांगायला यांची जीभ झडते काय?" मग चष्मा पुसत बसले. तडजोडीत लिहिलं गेलं ते असं: खोली भाडेकरूकडेच राहील, दर भाद्रपदात तीत घरमालकांचा गणपती बसेल, आणि संध्याकाळची आरती भाडेकरू करतील.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हे कलम कोणत्या कायद्याखाली?"

"शेजारधर्माखाली, साहेब. जुना कायदा आहे, अजून रद्द झालेला नाही."

या तालमीतला सगळ्यात तरबेज गडी म्हणजे महेश. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधला मुलगा. वकिली घराण्यातला नाही, त्यामुळे कोर्टात त्याला कुणी विचारत नसे. बाईंनी विचारलं. त्याचे इंग्रजी अर्ज त्या लाल शाईने रंगवून परत करत आणि पुन्हा लिहून घेत. आणि तो तरी काय, कुणीही व्हायचा! सावकार व्हायचा, सून व्हायचा, एकदा तर एका अशिलाची आई झाला आणि तो दांडगा माणूस ढसाढसा रडला. बाईंना त्याचं फार कौतुक. "याला दुसऱ्याच्या पोटात शिरता येतं," त्या म्हणायच्या. मला थोडी असूया वाटायची. माझ्या वाट्याला बहुधा न्यायाधीशाची भूमिका यायची, म्हणजे नुसतं बसायचं.

मग बाजार खुला झाला. आधी कोर्टाच्या फाटकापाशी टाइपरायटरांच्या शेजारी एक कॉम्प्युटर येऊन बसला, मग टाइपरायटर उठून गेले. हडपसरच्या उसाच्या आणि भाजीच्या रानात काचेच्या इमारती उगवायला लागल्या. त्या इमारतींच्या खाली जमीन असते, जमिनीला मालक असतात, मालकांना बहिणी असतात. त्यामुळे वकिलांना कामच काम. जमिनीच्या जुन्या नोंदी तपासायच्या आणि मालकी निर्वेध असल्याचा दाखला द्यायचा. कोर्टाची पायरी चढायला नको, न्यायाधीशांची बोलणी खायला नकोत. एकेकाच्या कमरेला आधी पेजर आला, मग मोबाइल. मीही मागे नव्हते. खांद्यात कापूस भरलेला एक ब्लेझर शिवून घेतला होता आणि पुण्याच्या उन्हात तो घालून कंपनीच्या लोकांशी इंग्रजी बोलायला जात असे. आरशात मला मी मोठी कॉर्पोरेट वकील दिसायचे. फोटोत पाहिलं तर बँडवाली दिसते.

गुरुवारची सतरंजी रिकामी पडत गेली. कुणी भांडून गेलं नाही. "बाई, आज जरा मीटिंग आहे," असं म्हणून गेले. बाईंनी कुणाला अडवलं नाही. पोहे मात्र त्या बरेच दिवस पूर्वीइतकेच करत राहिल्या आणि उरलेले खाली तांबटाकडे पाठवत राहिल्या.

अशात सिंधूताई आल्या. हडपसरच्या, चाळिशी उलटलेल्या. आई गेल्यावर मोठ्या भावाने त्यांची एका कागदावर सही घेतली होती. वारसांची नावं लावायची आहेत म्हणाला, आणि साडी-चोळी देऊन ओटी भरून पाठवलं. तो कागद हक्कसोडीचा निघाला. आपल्याकडे बहिणी असे कागद करून देतात. न वाचता देतात, वाचूनही देतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल म्हणून देतात. आता ती जमीन एक कंपनी घेत होती. मुलींचा वाटा मानणारा कायदा आला होता. बाईंनी दावा लावला: सही फसवून घेतली, बहिणीचा हिस्सा तिला मिळावा. सिंधूताईंना दोन मुली होत्या, नवरा हमाली करून पाठीतून गेलेला. तो हिस्सा म्हणजे त्या घराचं पुढचं सगळं आयुष्य होतं.

उलटतपासणीच्या आधीच्या गुरुवारी तालीम ठरली. मी गेले. आणि महेश आला, कितीतरी महिन्यांनी. बाईंचा चेहरा असा उजळला की मला माझ्या नियमित हजेरीची लाज वाटली.

"दादाच्या खुर्चीत कशी बसू मी?" सिंधूताई म्हणाल्या. "त्यो थोरला हाय."

"म्हणूनच बसायचं. बसा."

त्या बसल्या. पाठ ताठ झाली, आवाज जाड झाला. "सिंधे, घे जमीन. पन मग ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. आईच्या खोलीला म्या कुलूप घालनार." आणि तिथेच त्या थांबल्या. लोखंडी खुर्ची कुरकुरली. पुढचं बोलल्या त्या स्वतःच्या आवाजात. "घातलंयच त्यानं कुलूप. बाई, खरं सांगू? जिमिनीचं ऱ्हाऊ द्या. दिवाळीला आईच्या खोलीत येक रात निजायला मिळालं तरी बास हाय मला."

खाली ठोके चालूच होते. बाईंनी त्यांचा हात धरला.

"हे इथे बोललात, बरं झालं. कोर्टात बोलायचं नाही. खरं आहे, म्हणूनच बोलायचं नाही. वाटा मिळाला तर खोली मागता येईल. खोली मागायला गेलात तर वाटाही जाईल आणि खोलीही. कळलं?"

सिंधूताईंनी मान हलवली. महेश सतरंजीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. ते खोटे नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तपासणीच्या दिवशी भावाच्या बाजूने नवं वकीलपत्र दाखल झालं. कोट सारखा करत उभा राहिला तो महेश. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

त्याने कागदाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सहीबद्दल नाही, जमिनीबद्दल नाही.

"सिंधूताई, दिवाळीला माहेरी जाता का?"

"याचा दाव्याशी संबंध नाही, साहेब," बाई उठल्या.

"संबंध दाखवतो, साहेब." न्यायाधीशांनी परवानगी दिली.

"आईची खोली अजून आहे?"

"हाय."

"कुलूप आहे तिला?"

सिंधूताईंनी बाईंकडे पाहिलं. "हाय."

"तुमचे भाऊ इथे बसलेत. त्यांच्या हातात काय आहे, बघा बरं."

भावाने मूठ उघडली. किल्ली होती.

"ते आत्ता, साहेबांसमोर ती द्यायला तयार आहेत. आईची खोली कायमची तुम्हाला मोकळी. दिवाळी, भाऊबीज, केव्हाही या. आता शपथेवर सांगा ताई, मनापासून तुम्हाला काय हवंय?"

त्याने आवाज चढवला नव्हता. सिंधूताई रडायला लागतील, मग श्वास घ्यायला थांबतील, एवढा वेळ त्याने जाऊ दिला आणि नेमक्या त्या जागेत "ताई" हा शब्द पुन्हा ठेवला.

"मला दावा न्हाई चालवायचा," सिंधूताई म्हणाल्या.

बाईंनी वेळ मागितला, समजावलं, व्हरांड्यात नेऊन अक्षरशः हात जोडले. सिंधूताईंनी किल्ली पदराला बांधून टाकली होती. त्याच दुपारी दावा मागे घेतला गेला. न्यायाधीश महेशला म्हणाले, "वकिलांनी अशा तडजोडी घडवल्या पाहिजेत. दुर्मिळ गोष्ट आहे." आजूबाजूच्या बाकांवरून माना डोलल्या. त्यातल्या निम्म्या मानांनी बाईंचे पोहे खाल्ले होते.

सिंधूताई एक दिवाळी त्या खोलीत झोपल्या. पुढच्या वर्षी भावाने घराची जागाही कंपनीला दिली. आता तिथे गाड्या लावतात. किल्ली सिंधूताईंकडेच राहिली. तिच्याबद्दल कुणी काही तक्रार केली नाही.

मी पेटून उठले होते. ब्लेझर चढवला आणि महेशच्या नव्या ऑफिसात गेले. काचेचं दार, गार हवा. मनात भाषण तयार होतं, त्यात दोन संस्कृत वचनंही होती. त्याने मला बसवलं आणि मशीनमधली कॉफी पुढे केली.

"त्या गुरुवारी मुद्दाम आला होतास?" मी विचारलं.

"नाही हो ताई. आईशपथ. वकीलपत्र नंतर आलं."

"मग घेतलंस कशाला?"

"मी नसतं घेतलं तर दुसऱ्याने घेतलं असतं."

"दुसऱ्याला ते प्रश्न सुचले नसते."

"म्हणून तर मला दिलं," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "मी खोटं काहीच विचारलं नाही. सिंधूताईंना हवं तेच मिळवून दिलं. बाईंनी हेच शिकवलं ना?"

माझं भाषण तिथेच संपलं. कॉफी चांगली होती. मी ती पूर्ण प्याले. रागावायला गेले आणि कॉफी पिऊन आले, असा माझा पराक्रम.

तिथून तडक बाईंकडे गेले. म्हटलं, "बार कौन्सिलकडे तक्रार करा. मी साक्ष देते. तालमीतलं बाहेर नेलं त्याने."

त्या तांदूळ निवडत होत्या. "काय सांगशील साक्षीत?"

"सिंधूताई काय बोलल्या ते."

"म्हणजे तिने घरात बोललेलं तू चव्हाट्यावर वाचून दाखवशील, आणि तिला पुन्हा बोलावून विचारतील, बाई, तुम्हाला खोली हवी होती की नव्हती? ती पुन्हा हो म्हणेल." त्यांनी एक खडा बाजूला काढला. "प्रश्न विचारणं गुन्हा नाही. तो कुठून आणला, हे सांगायला मला तिलाच पुन्हा उभं करावं लागेल. जा, उशीर झाला असेल तुला."

पुढच्या गुरुवारी मी जिना चढले तेव्हा लोखंडी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती. "आज काही नाही," बाई म्हणाल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही काही नव्हतं. त्या कोर्टात येत राहिल्या. अर्ज चोख, बोलणं चोख. पण तडजोडीचं नाव काढत नसत. अशिलाने काही मनातलं सांगायला तोंड उघडलं की म्हणत, "कागदावर काय आहे तेवढंच सांगा." बार रूममध्ये महेशला कुणी वाईट म्हटलं नाही. व्यवसाय आहे, म्हणाले. पुढे तो वकिलांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. सत्काराच्या भाषणात त्याने बाईंचं नाव घेतलं, जे काही आहे ते त्या खोलीत शिकलो म्हणाला, आणि गहिवरलाही. टाळ्या खूप झाल्या.

त्या टाळ्यांमुळेच मला शेवटची अवदसा आठवली. भाषण ऐकून तीन नव्या वकील मुली माझ्याकडे आल्या. आम्हाला त्या तालमीत शिकायचंय म्हणाल्या. हुशार होत्या, चुणचुणीत. मला वाटलं, देवाने धाडल्या. बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे, कोर्ट सुटलेलं. मी आधी न कळवताच तिघींना घेऊन कसब्यात गेले. खालचं तांबटाचं दुकान जाऊन तिथे मोबाइल दुरुस्तीचं आलं होतं. जिन्यात इतकी शांतता की आमच्या चपला ऐकू येत होत्या.

बाईंनी दार उघडलं. मुलींना बसवलं, नावं विचारली. एकीने आपली अडलेली केस सांगायला सुरुवात केली. नवरा-बायकोचं प्रकरण, फ्लॅटचं कर्ज, लहान मूल. बाई ऐकत होत्या. मधेच विचारलं, "मूल रात्री कुणाजवळ झोपतं?" मुलगी गडबडली. "ते विचारलंच नाही मी." "मग काय विचारलंस?" तिघी हसल्या, बाईही हसल्या. कितीतरी वर्षांनी मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं, पुढे वाकून, हनुवटी मुठीवर. मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि घडीच्या खुर्चीवर हात ठेवला.

तिथून त्यांनी वळून मुलींकडे पाहिलं. एकीकडे, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. बराच वेळ पाहिलं. हात खुर्चीवरून काढला.

"पोरींनो, खाली जाऊन जरा थांबा. ही येतेच."

मुली उतरल्या. बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि हळू, खालपर्यंत जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या:

"शिकवायला मला अजून येतं, गोल्ड मेडल. पण आता समोर पोरं बसली की अशिलाचं बोलणं कानात शिरत नाही. मी त्यांची तोंडं बघत बसते, यातलं कोण ते बाहेर नेईल म्हणून. अशा बाईकडे पुन्हा कुणाला आणू नकोस."